मोबाइल नेटवर्क आणि आपल्या गावची रेंज: २जी ते ५जी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशात चोपडा असो, यावल असो की शहादा, मोबाइलच्या दुकानाच्या काउंटरवर दिवसभर फिरून-फिरून तेच प्रश्न येतात. ‘मन्हा फोनमा रेंज काबर नई?’ इथपासून ते ‘मळ्यातल्या स्टार्टरला कोणतं कार्ड टाकू?’ इथपर्यंत. बहुतेकांचा समज असा, की आकडा मोठा म्हणजे नेटवर्क चांगलं. तेवढ्यावर काही ठरत नाही. कार्ड कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर चालतंय, टॉवरला मागून लाइन कशी आलीय आणि हातातला हँडसेट काय काय पकडतो, यावर निम्म्याहून जास्त गोष्टी ठरतात. आकडा त्यानंतर.

हे १जी, २जी, ३जी नेमकं काय आहे?

मोबाइल नेटवर्कच्या पिढ्या. साधारण दर दहा वर्षांनी जगभरातल्या कंपन्या आणि संस्था मिळून नवं तंत्र ठरवतात आणि त्याला पुढचा आकडा मिळतो. पहिली पिढी १९७९ साली जपानमध्ये सुरू झाली, अमेरिकेत १९८३ मध्ये. तेव्हाचा आवाज जुन्या रेडिओसारखा ॲनालॉग जायचा, नेट हा प्रकारच नव्हता. भारतात ही पिढी आलीच नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. आणि तो थेट २जीवर होता.

त्या काळात आलेल्या कॉललाही पैसे लागायचे, म्हणून नंबर बघून फोन कट करायचा आणि जवळच्या एसटीडी बूथवरून परत लावायचा. इनकमिंग फुकट झालं २००३ मध्ये. मोबाइल खऱ्या अर्थाने खेड्यात उतरला तो त्यानंतर.

२जी कसं चालतं? आणि अजून बंद का झालं नाही?

आपल्याकडचं २जी म्हणजे जीएसएम. यात टॉवरच्या एका लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ असते आणि तिच्यात वेळेचे आठ तुकडे पाडलेले असतात. पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखंच आहे हे: चारी एकच, पण प्रत्येकाची वेळ ठरलेली. फरक इतकाच की इथे पाळी सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा फिरते, त्यामुळे बोलणाऱ्याला मध्ये काही तुटलं असं जाणवत नाही.

जीएसएमची आणखी एक गंमत अशी, की मोकळ्या माळावर टॉवरपासून जास्तीत जास्त ३५ किलोमीटरपर्यंतच फोन जोडला जातो. त्यापलीकडून सिग्नल पोहोचला तरी उपयोग नाही, कारण फोनचं उत्तर आपली वेळ सोडून दुसऱ्याच्या वेळेत पोहोचतं.

बंद का झालं नाही? साधे बटणाचे फोन, शेतातले मोबाइल स्टार्टर आणि जुन्या बनावटीची बरीच यंत्रं अजून त्याच्यावर आहेत. एअरटेल, व्हीआय (व्होडाफोन आयडिया) आणि बीएसएनएल यांचं २जी चालू आहे. जिओकडे मात्र २जी आणि ३जी कधी नव्हतंच. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे अर्धे घोळ टळतात.

वरच्या पट्टीत कधी जी, कधी ई, कधी एच दिसतो. त्याचा अर्थ काय?

नुसता जी दिसला तर जीपीआरएस, म्हणजे २जीवरचं सगळ्यात हळू नेट. ई म्हणजे एज, तेही २जीच, पण थोडं सुधारलेलं. यावर व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, फोटो रडत-रडत जातो, व्हिडिओचं नाव काढू नका. ३जी, एच आणि एच प्लस ही सगळी तिसरी पिढी. एच प्लस त्यातलं सगळ्यात वेगवान. एलटीई आणि ४जी हे व्यवहारात एकच, हँडसेट बनवणारा आपल्या मर्जीने यातलं एक लिहितो. ४जी प्लस दिसलं तर टॉवर एकाच वेळी दोन किंवा जास्त बँड जोडून तुम्हाला नेट देतोय.

स्मार्टफोनवर अचानक ई दिसायला लागला तर समजा, ४जीची रेंज सुटली आणि फोन जुन्या २जीला लटकलाय. अशा वेळी नेट रिचार्ज संपलं म्हणून दुकानात येऊ नका. दहा पावलं पुढे जा, किंवा एअरप्लेन मोड लावून काढा.

पूर्वी सिमकार्ड नसलेले फोन मिळायचे, ते काय होतं?

ते सीडीएमए. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात द्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक घरांत पहिला मोबाइल आला तो हाच. टाटा इंडिकॉमही याच तंत्रावर होतं. जीएसएममध्ये प्रत्येकाला वेगळी वेळ मिळते. सीडीएमएमध्ये सगळे एकाच लहरीवर एकाच वेळी बोलतात, फक्त प्रत्येकाच्या बोलण्याला वेगळा कोड लावलेला असतो आणि टॉवर त्यावरून आवाज निवडून काढतो. नंबर हँडसेटमध्येच भरलेला असल्यामुळे फोन बिघडला की नंबरही अडकायचा. आता देशात हे नेटवर्क उरलेलं नाही. त्या काळातला फोन पेटीत असेल तर राहू द्या, त्यात कुठलंच कार्ड चालणार नाही.

३जी कुठे गेलं?

उशिरा आलं आणि लवकर गेलं. सरकारी कंपन्यांनी २००८-०९ मध्ये सुरू केलं, खासगी कंपन्यांना २०१० च्या लिलावात २१०० मेगाहर्ट्झचा बँड मिळाला. तोवर दोन वर्षांत ४जी दारात उभं. एअरटेलने २०२० मध्ये देशभर ३जी गुंडाळलं आणि तोच बँड ४जीला लावला, बाकीच्यांनीही बहुतेक ठिकाणी तसंच केलं. परिणाम असा, की ज्यांच्याकडे फक्त ३जीपर्यंतचा स्मार्टफोन आहे तो आता नेटसाठी थेट २जीवर घसरतो. ‘फोन जुना झाला म्हणून हळू झाला’ असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात फोन तसाच आहे, खालचं नेटवर्क निघून गेलंय.

फोन ४जी आहे, पण कॉल आला की नेट बंद पडतं. का?

व्होल्टी बंद आहे म्हणून. मूळ ४जी हे फक्त डेटासाठी बनवलेलं तंत्र आहे. त्यावर बोलायचं असेल तर आवाजही डेटाच्या पुड्या करून पाठवावा लागतो, त्याला व्होल्टी म्हणतात. ते चालू नसेल तर कॉल येताच फोन ४जी सोडून २जीवर उतरतो, बोलणं होतं, मग परत वर चढतो. मधल्या वेळात नेट बंद.

सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, तुमचं सिम निवडा आणि व्होल्टी किंवा ‘४जी कॉलिंग’ चालू करा. पर्यायच दिसत नसेल तर एक तर हँडसेट जुना आहे किंवा त्याचं सॉफ्टवेअर अपडेट झालेलं नाही. जिओच्या कार्डाला दुसरा रस्ताच नाही, त्यावर प्रत्येक कॉल डेटाच्याच मार्गाने जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं तेव्हा त्यांचं कार्ड अनेकांच्या फोनमध्ये बसायचं पण कॉल लागायचा नाही, तो याच कारणाने.

मळ्यातल्या मोबाइल स्टार्टरमध्ये कोणतं कार्ड टाकू?

रात्रपाळीची लाईट आणि दोन-तीन किलोमीटरवरची विहीर हे खान्देशातल्या शेतकऱ्याच्या नशिबीच आहे. म्हणून मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवतात. घरून फोन लावला की आतलं यंत्र तो उचलतं, ठरलेलं बटण दाबलं की मोटार चालू, दुसरं दाबलं की बंद. काही स्टार्टर थ्री फेज आली की स्वतःहून कॉल करतात.

या डब्यात मोबाइलसारखंच एक छोटं मॉड्यूल असतं, आणि बाजारातल्या बऱ्याच स्टार्टरमध्ये ते फक्त २जीचं असतं. त्यात जिओचं कार्ड टाकलं तर दिवा लुकलुकत राहतो, नेटवर्क कधीच लागत नाही. मेकॅनिक म्हणतो कार्ड खराब, दुकानदार म्हणतो स्टार्टर खराब. दोघंही चूक. २जी मॉड्यूलला एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएल यांपैकी ज्याची तुमच्या विहिरीपाशी रेंज असेल ते कार्ड. घरापाशी नव्हे, विहिरीपाशी. साधा बटणाचा फोन घेऊन पेटीजवळ उभं राहा आणि कॉल लावून बघा, त्याशिवाय कार्ड घेऊ नका.

आता ४जी मॉड्यूलचे स्टार्टरही मिळतात. नवीन घेत असाल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. २जी आज चालू आहे, पण कंपन्यांना तो बँड ४जी-५जीसाठी हवाच आहे. घेताना ‘४जी’ एवढंच विचारू नका, ‘जिओचं कार्ड टाकून कॉल उचलतो का’ असं विचारा आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा. नेट पकडणारं पण व्होल्टीवर कॉल न घेणारं मॉड्यूलही असतं.

आणखी दोन गोष्टी. अँटेना लोखंडी पेटीच्या आत कोंबू नका. वायर बाहेर काढून पेटीच्या वर उभी लावा, पत्र्याच्या डब्यात लहर शिरत नाही. आणि स्टार्टरच्या कार्डाला नेटचा पॅक लागत नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानंतर सगळ्या खासगी कंपन्यांना नेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवावे लागले आहेत, वर्षभराचेही आहेत. तो टाकला की ऐन गव्हाच्या पाण्याला रिचार्ज संपला ही भानगड राहत नाही.

बँड म्हणजे काय? दुकानदार सारखं ‘बँड बघून फोन घ्या’ म्हणतो.

बरोबर म्हणतो. प्रत्येक कंपनीने लिलावात ठरावीक लहरी विकत घेतलेल्या असतात: ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५००, ३३०० मेगाहर्ट्झ, आणि ५जीसाठी २६ गिगाहर्ट्झसुद्धा. एकच ४जी यातल्या कुठल्याही लहरीवर चालू शकतं. आणि लहर बदलली की त्याचा स्वभाव बदलतो.

कमी आकड्याची लहर लांब जाते, भिंतीतून शिरते, टेकडीच्या कडेवरून थोडी वळतेही. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटिमीटर लांब असते, ३३०० ची जेमतेम ९. लहान लहर झाडाची पानं, ओल्या भिंती, दगड यांत लवकर जिरते. पण मोठ्या आकड्याच्या बँडमध्ये जागा जास्त असते, त्यामुळे टॉवरच्या जवळ नेट धो-धो चालतं.

आता आपल्या मुलखाला हे लावून बघा. मधून तापी, दोन्ही बाजूंना काळी सपाट जमीन, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा. अमळनेर-धरणगावकडच्या सपाटीला कमी बँडचा एक टॉवर बरीच गावं सांभाळतो. जळगाव, धुळे, भुसावळ शहरात टॉवर जवळ-जवळ असल्यामुळे २३०० किंवा ३३०० मजेत चालतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात वेगळंच. केळीचं पान रुंद आणि पाण्याने भरलेलं, बाग पुरुषभर उंच झाली की आत उभ्या माणसाचा वरचा बँड पार पडतो. बांधावर ४जीच्या चार काड्या आणि बागेत मध्यावर एक, ही तक्रार घेऊन बरेच लोक येतात. फोन बदलून फायदा नाही. ८५० किंवा ९०० वर चालणारं कार्ड बागेत टिकतं. आणि धडगाव, तोरणमाळ, अक्कलकुव्याच्या दऱ्यांत कुठलाच बँड डोंगराच्या आरपार जात नाही. तिथे टॉवर दिसला तर रेंज, नाही तर नाही.

फोन घेताना खोक्यावरची किंवा कंपनीच्या वेबसाइटवरची बँडची यादी वाचा. तिथे मेगाहर्ट्झऐवजी प्रत्येक बँडचा क्रमांक लिहिलेला असतो. ४जीसाठी ३, ५, ८, २८, ४० आणि ४१ एवढे क्रमांक दिसले तर देशातलं बहुतेक काम भागतं. परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या फोनमध्ये नेमके यातले एक-दोन गायब असतात.

काड्या पूर्ण दिसतात, तरी नेट चालत नाही. असं कसं?

काड्या फक्त तुमच्या फोनपासून टॉवरपर्यंतचं सांगतात. टॉवरपासून पुढे काय, ते सांगत नाहीत. टॉवरच्या अंगावर ढोलासारखी गोल पांढरी डबी दिसते ना, ती मायक्रोवेव्ह डिश. ती दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून असते आणि तुमच्या गावाचं सगळं नेट तिच्यातून जातं. जिथे जमिनीतून फायबर आलाय तिथे प्रश्न कमी. जिथे डिशवर तीन-चार टॉवरांची साखळी आहे तिथे संध्याकाळी आठला सगळे व्हिडिओ लावून बसले की गाडी अडते. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडला तर पूर्ण दिवस गेला.

दुसरं कारण गर्दी. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजाराच्या दिवशी जाऊन बघा. फोनवर रेंज भरपूर, पण युपीआय फिरत राहतं आणि कॉल तिसऱ्यांदा लागतो. एका टॉवरला साधारण तीन तोंडं असतात, प्रत्येक तोंड १२० अंशांत बघतं, आणि प्रत्येकाची क्षमता ठरलेली. त्या क्षमतेत जिथे दोनशे माणसं असायची तिथे हजारो आली तर वाटणी होणारच. मोठ्या यात्रांना कंपन्या गाडीवरचे तात्पुरते टॉवर आणतात, पण घोडा विकत घ्यायला जाणाऱ्याने रोख पैसे खिशात ठेवलेले बरे.

काड्यांपेक्षा नेमकी रेंज कशी मोजायची?

सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, तिथे ‘सिम स्टेटस’, त्यात ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’. तिथे उणे चिन्हाचा एक आकडा डीबीएम या सिग्नलच्या मापात दिसतो. ४जीवर उणे ८०-९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० ठीकठाक, उणे ११० च्या पलीकडे गेला की कॉल तुटायला लागतो. हा आकडा सरळ हिशोबाचा नाही: दर १० ने खाली गेला की सिग्नल दहापट कमी होतो. म्हणजे ओट्यावर उणे ९० आणि माजघरात उणे ११० असेल तर आत शंभरावा हिस्साच पोहोचतोय. दोन कंपन्यांची कार्डं एकाच फोनमध्ये टाकून घराच्या प्रत्येक खोलीत हा आकडा बघा. कुणाच्या सांगण्यावर कार्ड बदलण्यापेक्षा हे बरं.

घरात रेंज येत नाही. बूस्टर बसवू का?

नका बसवू. ऑनलाइन दोन-चार हजारांत मिळतो, शेजारच्याने बसवलाय, सगळं खरं. पण परवानगीशिवाय मोबाइल बूस्टर बसवणं आणि वापरणं बेकायदा आहे. आणि तो नुसता तुमची रेंज वाढवत नाही, गोंगाटही वाढवून टॉवरकडे पाठवतो. त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचे कॉल खराब होतात. तक्रार झाली तर पथक यंत्र घेऊन शोधत येतं आणि जप्त करतं.

घरात वायफाय असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून जातो, वेगळे पैसे लागत नाहीत. धाब्याच्या जाड मातीच्या घरात आणि पत्र्याच्या शेडमध्ये याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. वायफाय नसेल तर टॉवरच्या दिशेची खिडकी ही तुमची जागा.

लाईट गेली की अर्ध्या-एक तासाने रेंज का जाते?

टॉवरखाली बॅटरीचा संच असतो आणि बऱ्याच ठिकाणी डिझेल जनरेटर. बॅटऱ्या जुन्या झाल्या, डिझेल वेळेवर पोहोचलं नाही किंवा चोरीला गेलं, की टॉवर बसतो. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांची यंत्रं टांगलेली असतात, म्हणून सगळ्यांची रेंज एकदमच जाते. घरात दोन कार्डं ठेवत असाल तर शक्यतो दोन वेगळ्या टॉवरवरची ठेवा.

५जी घेऊन खरंच फायदा आहे का? माझ्या फोनवर ५जी दिसतं पण फरक कळत नाही.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते ५जी सुरू झालं. जिओने पहिल्यापासून संपूर्ण स्वतंत्र ५जी उभं केलं, त्यात टॉवरपासून मुख्य केंद्रापर्यंत सगळं नवं. एअरटेलने सुरुवात वेगळी केली: टॉवरवर ५जीचं यंत्र, पण मागचा कारभार जुन्या ४जीचा. पहिल्या प्रकाराला एसए म्हणतात, दुसऱ्याला एनएसए. सुरुवातीच्या काही ५जी फोनमध्ये एसएची सोयच नव्हती किंवा अपडेटनंतर आली, त्यामुळे ५जीचा फोन आणि ५जीचं शहर असूनही काही लोक ४जीवरच राहिले.

फरक कळत नाही याची दोन कारणं. एक, टॉवरची मागची लाइन तीच असेल तर पुढचा आकडा बदलून काय होणार? दोन, व्हॉट्सॲप, युपीआय, यूट्यूब यांना तसा वेगच लागत नाही, चांगलं ४जी पुरतं. माझं मत विचाराल तर खेड्यात फक्त ५जीसाठी फोन बदलू नका. मात्र फोन घ्यायचाच असेल तर ५जीचा घ्या, चार वर्षं वापरायचा आहे. खरा फायदा दिसतो तो गर्दीत, कारण ५जीवर अजून माणसं कमी आणि जागा जास्त. आणि जिथे फायबर पोहोचत नाही अशा कॉलनीत घराच्या छतावर ५जीचा डबा लावून वायफाय मिळतं, ते चांगलं चालतं.

उन्हाळ्यात फोन ५जी सोडून ४जीवर येतो. नेटवर्क खराब झालं का?

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो. खिशातला फोन आधीच तापलेला असतो. अशात ५जी चालवलं की फोन आणखी तापतो, मग तो स्वतःला वाचवायला ५जी बंद करतो आणि कधी पडद्याचा उजेडही कमी करतो. दुपारी बाहेर असाल तर हातानेच ४जीवर टाकून ठेवा; बॅटरीही टिकेल. मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात फोन लावून नकाशा बघत जाणाऱ्यांचे फोन मे-जूनमध्ये दुरुस्तीला येतात, त्यांना हे सांगून काही उपयोग होत नाही.

नवापूरला गेलो की फोन गुजरातचा टॉवर धरतो. पैसे जातात का?

जात नाहीत. देशाचे दूरसंचारासाठी २२ भाग केलेत, त्यांना सर्कल म्हणतात. खान्देश ‘महाराष्ट्र-गोवा’ सर्कलमध्ये येतो, मुंबई वेगळं सर्कल आहे. नवापूर स्टेशनचा फलाट अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. फोनला ती रेषा कळत नाही, ज्याचा सिग्नल जोरात त्याला तो धरतो. शिरपूरहून सेंधव्याकडे किंवा रावेरहून बऱ्हाणपूरकडे निघालात की तसंच मध्य प्रदेशाचं होतं. पूर्वी रोमिंगचे पैसे कापायचे, आता देशात वेगळं बिल लागत नाही. हद्द ओलांडताना चालू कॉल कधीकधी तुटतो, एवढंच. स्मार्टफोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर मात्र पलीकडे नेट चालणार नाही, ते चालू ठेवा.

बीएसएनएलचं ४जी आलंय म्हणतात, माझ्या फोनवर का येत नाही?

बीएसएनएलचं ४जी देशी बनावटीच्या यंत्रणेवर उभं आहे. सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी ते मिळून केलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते देशाला अर्पण झालं. ते मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० म्हणजे यादीतला बँड २८. अनेक जुन्या ४जी फोनमध्ये तो नाही. शिवाय तुमचं सिम २जी-३जीच्या काळातलं असेल तर ते बदलून ४जी सिम घ्यावं लागतं, नंबर तोच राहतो. आधी सिम बदला, मग फोनला दोष द्या.

सातपुड्यातल्या पाड्यांवर टॉवर कधी येणार?

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्याच जिल्ह्याच्या डोंगरी भागात रेशनच्या मशीनवर अंगठा लावायला रेंज शोधत फिरावं लागतं, ही बोचणारी गोष्ट आहे. खासगी कंपनीला शंभर घरांच्या पाड्यासाठी टॉवर परवडत नाही: डोंगरावर रस्ता नाही, लाईट नाही, डिझेल खांद्यावरून न्यायचं. म्हणून अशा ठिकाणी सरकारी पैसा लागतो. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांत ४जी पोहोचवायची योजना मंजूर केली. नंदुरबार हा आकांक्षित जिल्हाच आहे. त्यानंतर २०२२ मध्ये बीएसएनएलमार्फत देशातल्या २४,६८० गावांसाठी वेगळी योजना आली.

गाव यादीत आहे का, हे तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा आणि ग्रामसभेचा ठराव करून द्या. टॉवरची जागा बऱ्याचदा वनखात्याच्या परवानगीत अडकते, तिथे ठरावाचा कागद कामी येतो.

टॉवरमुळे आजार होतात का? चिमण्या गेल्या म्हणतात.

मोबाइलच्या लहरी क्ष-किरणांसारख्या शरीरातल्या पेशी फोडणाऱ्या नाहीत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवली आहे, आणि ‘तरंग संचार’ या सरकारी पोर्टलवर आपल्या भागातला टॉवर बघता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, म्हणजे पुरावा अपुरा पण अभ्यास चालू ठेवा.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: टॉवर लांब असला की कानाशी धरलेला फोन जास्त जोर लावतो. २जीचा फोन २ वॉटपर्यंत जातो, ४जीचा ०.२ वॉटच्या आसपास थांबतो. गावातला टॉवर हटवला तर कानाजवळची लहर वाढेल, कमी होणार नाही. चिमण्यांचं म्हणाल तर कौलं गेली, वळचणी गेल्या आणि पिकांवर फवारणी वाढली, ती कारणं आधी बघा.

शेतात टॉवर बसवतो, महिना पंचवीस हजार भाडं देतो, असा फोन आलाय. खरं असतं का?

ज्या क्षणी समोरचा आधी पैसे मागतो, त्या क्षणी फोन ठेवा. ‘ट्रायची एनओसी’, ‘सरकारी टॅक्स’, ‘इन्शुरन्स’ अशी नावं सांगून पाच-दहा हजार भरायला लावतात, व्हॉट्सॲपवर शिक्क्याचं पत्रही पाठवतात. ट्राय किंवा दूरसंचार विभाग टॉवरच्या जागेसाठी कुणालाही असं पत्र देत नाही आणि पैसे घेत नाही. टॉवर कंपनी जागा स्वतः शोधत येते, तिचा माणूस शेतात उभा राहून मोजमाप करतो, आणि पैसे तिने तुम्हाला द्यायचे असतात. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची आहे. कसं करू?

मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहा, एक जागा सोडा, आपला दहा आकडी नंबर लिहा आणि १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येईल, तो चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा. त्याच सर्कलमध्ये साधारण तीन कामाच्या दिवसांत काम होतं, दुसऱ्या सर्कलमधून असेल तर पाच.

कोड येत नाही याची नेहमीची कारणं तीन: या कंपनीत येऊन ९० दिवस झालेले नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, किंवा सात दिवसांच्या आत सिम बदललंय. शेवटचा नियम जुलै २०२४ पासून आहे, सिम बदलून नंबर पळवणाऱ्यांना अडवायला. ४जी सिम बदलून आणलं आणि दुसऱ्याच दिवशी पोर्टला आलात तर कोड मिळणार नाही, आठवडा थांबा. आणि ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो तो पोर्ट करणार असाल तर नवं सिम चालू होईपर्यंत जुनं कार्ड फोनमधून काढू नका. बदलाच्या रात्री दोन-चार तास दोन्ही बंद असतात, त्या वेळेत केळीच्या व्यापाऱ्याचे पैसे येणार नाहीत एवढं बघा.